अध्यक्ष ठरवायचा कुणी?

बालमित्रांनो,

सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते, 'गुरुजी, निवडणुकीत आई-बाबा मत देतात ते आमदार-खासदारासाठी. पण टीव्हीवर सांगतात की अमक्या पक्षानं नवा अध्यक्ष निवडला. तो कोण निवडतं? आमच्या घरी तर कुणी विचारायला आलं नाही!'

प्रश्न मोठा झकास आहे. मोठी माणसंसुद्धा सहसा विचारत नाहीत. म्हणून आज याच प्रश्नाचा माग काढू. त्यासाठी आपल्याला मुंबई, नागपूर, सुरत, थोडं अमेरिकेत आणि शेवटी आपल्या उदगीरच्या शेजारी जायचंय. एक आधीच सांगून ठेवतो. गोष्ट एका पक्षाची आहे, कारण आपल्या देशात तोच सगळ्यात जुना आणि त्याच्या अधिवेशनांची माहिती भरपूर मिळते. हा पक्ष चांगला की तो, हे तुम्ही मोठेपणी स्वतः ठरवा. आज आपण फक्त एवढंच बघायचं, की अध्यक्ष निवडायचा कसा.

तर चला १८८५ सालात. देशावर इंग्रजांचं राज्य. ठिकठिकाणच्या शिकल्यासवरल्या लोकांनी ठरवलं की वर्षातून एकदा एकत्र जमायचं आणि देशाच्या अडचणी सरकारपुढं मांडायच्या. पहिली बैठक पुण्यात ठरली होती. पण ऐन वेळी पुण्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली आणि बैठक मुंबईला हलवावी लागली. २८ डिसेंबर १८८५ रोजी गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. हेच काँग्रेसचं पहिलं अधिवेशन.

आता अध्यक्ष कोण? ॲलन ह्यूम नावाचे निवृत्त इंग्रज अधिकारी उभे राहिले आणि त्यांनी कलकत्त्याचे वकील व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचं नाव सुचवलं. मद्रासच्या सुब्रमण्य अय्यर यांनी अनुमोदन दिलं. आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी पाठिंबा दिला. टाळ्या झाल्या आणि बॅनर्जी खुर्चीवर बसले. झालं!

ही पद्धत तुम्ही गॅदरिंगमध्ये पाहिली असेल. एक जण म्हणतो, 'मी सुचवतो की अमक्यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं.' दुसरा म्हणतो, 'माझं अनुमोदन आहे.' पहिला सूचक, दुसरा अनुमोदक. नाव मात्र आधीच ठरलेलं असतं. खाली बसलेल्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या.

पुढची वीसेक वर्षं असंच चाललं. दर डिसेंबरात नवं गाव, नवा मांडव, नवा अध्यक्ष. ज्या गावी अधिवेशन असेल तिथली स्वागत समिती आणि चार मोठी माणसं नाव ठरवायची. एक रिवाजही पडला होता. ज्या प्रांतात अधिवेशन, त्या प्रांतातल्या माणसाला सहसा अध्यक्ष करायचं नाही. पाहुण्याला मान द्यायचा. हा रिवाज लक्षात ठेवा बरं का, पुढं त्यावरूनच घोळ होणार आहे.

बरं, त्या पहिल्या ७२ जणांत एकही बाई नव्हती. शेतात राबणारा शेतकरी नव्हता की गिरणीतला कामगार नव्हता. जे जमले होते ते चांगलेच लोक होते, पण थोडे होते. आणि थोड्या लोकांनी ठरवलेलं कुठवर चालणार?

१९०७ साल उजाडलं. आता काँग्रेसमध्ये दोन गट पडले होते. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे मवाळ. त्यांचं म्हणणं, सरकारशी बोलून, अर्ज-विनंत्या करून हळूहळू हक्क मिळवू. लोकमान्य टिळक, लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल हे जहाल. ते म्हणायचे, स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांत माघार नको. दोघांनाही देशाचं भलंच हवं होतं. वाट वेगळी होती.

त्या वर्षीचं अधिवेशन नागपूरला भरायचं होतं. नागपुरात टिळकांना मानणारे पुष्कळ. त्यांची इच्छा की अध्यक्ष टिळकच व्हावेत. स्वागत समितीत भांडणं लागली आणि एकमत होईना. तेव्हा वरच्या पुढाऱ्यांनी अधिवेशनच नागपूरहून उचललं आणि सुरतेला नेलं. सुरत तेव्हा मुंबई प्रांतात होती. टिळकही मुंबई प्रांतातलेच. आता आठवा तो रिवाज! टिळकांचं नाव आपोआप बाद झालं. जहालांनी मग लाला लजपतरायांचं नाव पुढं केलं, पण खुद्द लालाजींनीच नको म्हटलं. मवाळांनी बंगालचे रासबिहारी घोष यांचं नाव पक्कं केलं.

२६ डिसेंबर १९०७. सुरतेचा मांडव गच्च भरलेला. अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोष यांचं नाव सुचवलं. सुरेंद्रनाथ अनुमोदनाला उठले आणि असा गोंगाट सुरू झाला की त्यांचं भाषण कुणाला ऐकूच जाईना. सुरेंद्रनाथ म्हणजे मोठे नामांकित वक्ते, पण त्या दिवशी सभा उद्यावर ढकलावी लागली.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागत समितीच्या प्रमुखांना चिठ्ठी पाठवली. मला या निवडीवर बोलायचं आहे, असं त्यात होतं. चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. घोष यांची निवड जाहीर झाली. ते खुर्चीवर बसून भाषणाला सुरुवात करणार, तोच टिळक व्यासपीठावर चढले. अध्यक्ष म्हणाले, आता बोलता येणार नाही. टिळक म्हणाले, मग मी प्रतिनिधींनाच विचारतो. आणि हाताची घडी घालून तिथंच उभे राहिले.

एवढ्यात मांडवातून काहीतरी भिरभिरत आलं. तो होता जोडा! लाल कातड्याचा, पुढं टोक असलेला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथांना लागला आणि तिथून उडून फिरोजशहा मेहतांना लागला. मग काय विचारता! खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, लोक व्यासपीठावर धावून गेले आणि अखेर पोलिसांनी मांडव रिकामा केला.

हेन्री नेव्हिन्सन नावाचे एक इंग्रज पत्रकार तिथं हजर होते. त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. टिळकांच्या अंगावर लोक धावून येत असताना त्यांच्या बाजूला हात पसरून त्यांना वाचवायला उभं होतं कोण? गोपाळ कृष्ण गोखले! टिळकांचे विरोधक. त्या गोंधळात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. मतं पटत नसतील तरी माणसाच्या अंगावर कुणी हात टाकू नये, हे गोखल्यांना कळत होतं.

आता सांगा, चूक कुणाची? जोडा फेकणाऱ्याची तर होतीच, त्यात शंका नाही. पण ज्यांनी चिठ्ठीला उत्तर दिलं नाही, ज्यांनी नाव आधीच पक्कं करून ठेवलं, त्यांची नव्हती का? तुमच्या घरात यावर वाद होऊ द्या. आई-बाबांनाही विचारा. मी उत्तर सांगणार नाही.

त्या भांडणाची किंमत मोठी पडली. काँग्रेस फुटली. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. देशाचं काम करणारे दोन गट एकमेकांपासून तुटून राहिले. ते पुन्हा एका मांडवात आले १९१६ साली, लखनौला. मोजा बरं किती वर्षं? नऊ! एका अध्यक्षाच्या निवडीवरून नऊ वर्षं. गोखले तर त्याआधीच, १९१५ मध्ये वारले होते. पुढं १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळकांची अध्यक्ष म्हणून निवडही झाली. पण खटल्याच्या कामासाठी त्यांना इंग्लंडला जावं लागलं आणि त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. लोकमान्य अध्यक्षाच्या खुर्चीवर कधीच बसले नाहीत. दरम्यान १९१७ साली मात्र ॲनी बेझंट अध्यक्ष झाल्या होत्या. या पहिल्या स्त्री अध्यक्ष.

या सगळ्यातून लोक काय शिकले? त्यासाठी पुन्हा नागपूर. हो, तेच नागपूर, जिथून अधिवेशन उचलून नेलं होतं. डिसेंबर १९२० मध्ये तिथं अधिवेशन भरलं आणि चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी आले. कुठं ते ७२ आणि कुठं हे चौदा हजार! महात्मा गांधींच्या पुढाकारानं तिथं नवे नियम झाले. काँग्रेसची उद्दिष्टं मान्य असलेल्या एकवीस वर्षांवरच्या कुणालाही सभासद होता येईल. वर्गणी किती? वर्षाला चार आणे. चार आणे म्हणजे पाव रुपया. गावचे सभासद तालुक्याची समिती निवडणार, तालुक्याची जिल्ह्याची, जिल्ह्याची प्रांताची. प्रांतही भाषेवरून पाडले. म्हणजे शेतकऱ्याला आपल्या भाषेत बोलता यावं आणि त्याचं बोलणं पायरी पायरीनं वर जावं.

मग मांडवही खेड्यात गेला. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन भरलं. हे खेड्यातलं पहिलं अधिवेशन. फैजपूर आज जळगाव जिल्ह्यात आहे. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकारानं तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली होती. आपले साने गुरुजी त्या तयारीसाठी खेडोपाडी फिरले होते. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू.

आता जरा समुद्रापार जाऊ. अमेरिकेतही पक्षांची अधिवेशनं भरतात, पण त्यांचं काम थोडं वेगळं. तिथं पक्षाचे प्रतिनिधी जमतात आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार ठरवतात. आपल्या गोष्टीतला अध्यक्ष पक्षाचा. तिथला उमेदवार थेट देशाच्या खुर्चीसाठी. १८६० साली शिकागो शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. विल्यम सेवर्ड हे तेव्हा फार बडे नाव. सगळ्यांना वाटलं तेच येणार. पहिल्या फेरीत त्यांना मतंही सगळ्यात जास्त पडली. पण निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मतदान घ्यायचा नियम होता. तिसऱ्या फेरीत पारडं फिरलं आणि निवडून आला एक उंच, सडपातळ वकील. कोण? अब्राहम लिंकन!

सेवर्ड रुसून बसले असतील का? वाईट तर नक्कीच वाटलं. पण ते लिंकनसाठी गावोगाव प्रचाराला फिरले. आणि लिंकन निवडून आल्यावर त्यांनी काय केलं? हरलेल्या सेवर्डना आपल्या मंत्रिमंडळात घेतलं, परराष्ट्र खातं सोपवलं. दोघांनी मिळून फार अवघड काळात देश सांभाळला.

याच्या उलटही झालंय. १९२४ साली न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दोन गट हट्टाला पेटले. कुणीच मागं हटेना. मतदानाच्या किती फेऱ्या झाल्या असतील? दहा? वीस? तब्बल एकशे तीन! दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. शेवटी दोन्ही गटांनी कंटाळून तिसऱ्याच माणसाला, जॉन डेव्हिस यांना निवडलं. पुढं मुख्य निवडणुकीत ते हरले.

तेव्हा मुलांनो, मतदान घेतलं म्हणजे सगळं झालं असं नाही. आपल्याकडचंच बघा. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी खरीखुरी लढत झाली. एकीकडं सुभाषचंद्र बोस, दुसरीकडं पट्टाभि सीतारामय्या. पट्टाभींना गांधीजींचा पाठिंबा होता. प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात मतं दिली. सुभाषबाबूंना १५८० मतं पडली आणि ते दोनशेहून जास्त मतांनी निवडून आले. नियमाप्रमाणं सगळं चोख. पण जुने सहकारी त्यांच्याबरोबर काम करायला तयार होईनात. कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं तेव्हा सुभाषबाबू तापानं फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. वाद मिटला नाही आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. सुरतेत मत विचारलं नाही म्हणून मोडलं. त्रिपुरीत मत विचारलं, पण निकाल मनापासून मानला गेला नाही, म्हणून मोडलं.

आणि आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं? इथं इंग्रजांचं नव्हे, निजामाचं राज्य. आपलं उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात. अध्यक्ष निवडणं राहू द्या, साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागायची. 'गश्ती निशाण त्रेपन्न' असं त्या हुकमाचं नाव. तुमच्या पणजोबांच्या पिढीतल्या लोकांना ते चांगलंच ठाऊक होतं. तरी १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ती जन्माला येण्याआधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ज्यांनी ती मोडली ते तुरुंगात गेले. त्यांत एक शिक्षक होते. आधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ.

१९४६ साली बंदी उठली. आता अध्यक्ष कोण? स्वामीजींच्या समोर बुर्गुल रामकृष्णराव उभे होते. मतदान झालं आणि स्वामीजी निवडून आले. जून १९४७ मध्ये हैदराबाद शहरात उघड्यावर मोठं अधिवेशन भरलं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून मुक्त झालो. आणि हरलेले बुर्गुल रामकृष्णराव? ते १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे हरलेल्या माणसालाही पुढं काम असतं बरं!

आता शेवटचा मुक्काम, अगदी जवळचा. उदगीरहून बिदरकडं जाणाऱ्या रेल्वेत बसलं की कमलनगरनंतर भालकी येतं. भालकी तालुक्यात वरवट्टी नावाचं गाव आहे. तिथं १९४२ साली एका गरीब घरात एक मुलगा जन्मला. रझाकारांच्या धामधुमीत त्याचं घर जळालं, आई गेली. वडील त्याला घेऊन गुलबर्ग्याला गेले. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन खर्गे. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं. देशभरातल्या नऊ हजारांहून जास्त प्रतिनिधींनी मतं दिली. खर्गे यांना ७८९७ आणि शशी थरूर यांना १०७२ मतं पडली. ज्या ७२ जणांच्या बैठकीत गरीब शेतकरी-कामगाराला जागाच नव्हती, त्याच संस्थेचा हा अध्यक्ष.

तर पत्र पाठवणाऱ्या मुलीला उत्तर असं : पक्षाचा अध्यक्ष पक्षाचे प्रतिनिधी निवडतात आणि प्रतिनिधी कुठून येतात, तर पक्षाच्या सभासदांमधून. नियम असा आहे. पण अनेक पक्षांत पुष्कळदा एकच नाव पुढं येतं आणि 'बिनविरोध' म्हणून जाहीर होतं. तशी बातमी ऐकली की एक प्रश्न जरूर विचारा. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, की कुणाला उभं राहू दिलं नाही?

आता तुमच्यासाठी काम. बऱ्याच शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं. मुख्यमंत्री, स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री. यंदा तुमच्या वर्गात निवडणूक घेताना चार गोष्टी करून बघा.

१) ज्याला उभं राहायचंय त्याला उभं राहू द्या, मग तो मागच्या बाकावरचा का असेना. मुलींची नावंही आली पाहिजेत.

२) प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं बोलू द्या. जो पटत नाही, त्याचं आधी ऐका. कुणी चिठ्ठी पाठवली तर तिला उत्तर द्या!

३) हात वर करून मत घेऊ नका. दोस्त रागावेल म्हणून खरं मत दिलं जात नाही. खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाका आणि सगळ्यांसमोर मोजा.

४) जिंकलेल्यानं पहिलं काम काय करायचं, तर हरलेल्याकडं जाऊन विचारायचं, 'माझ्याबरोबर कोणतं काम करशील?'

पालकांनाही एक विनंती. तुमचा मुलगा किंवा मुलगी हरून घरी आली तर 'सरांनी मुद्दामच पाडलं असेल' असं म्हणू नका. 'तुझ्या विरोधात उभा होता त्याचं काय म्हणणं होतं?' असं विचारा. तिला ते सांगता आलं, तर तिनं नीट ऐकलं असं समजा.

निवडणूक कशी झाली, कोण काय बोललं आणि चौथ्या नियमाचं काय झालं, ते मला जरूर लिहून कळवा. विशेषतः जे हरले, त्यांनी आधी लिहा.

तुमचे,
गुरुजी